परमुलखातील घर आणि शूनेमची खोली

शास्त्रपाठ : २ राजे ४:८-३७ व ८:१-६, यिर्मया २९:४-१०

हैदराबाद-सिकंदराबादेत राहणाऱ्या आपल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांत आज असे घर क्वचितच सापडेल, की ज्यातील एखादा मुलगा, मुलगी, भाचा किंवा पुतण्या परदेशी नाही. कोणी आखातात परिचारिका आहे, कोणी अमेरिकेत संगणकाच्या कामावर आहे, कोणी ऑस्ट्रेलियात शिकावयास म्हणून गेला तो तेथेच राहिला. पूर्वी पत्रे येत, आता फोन येतो. पहिल्या महिन्यात हवा, पगार, बाजारभाव आणि उपासनेस जागा मिळाली की नाही, हे सांगून होते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून मात्र निराळाच विषय निघू लागतो. सूनबाई सासूबाईंना म्हणते, "आई, घरात धड बसायलासुद्धा काही नाही." मुलगा वडिलांना म्हणतो, "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, बाबा. उगाच सामान कशाला वाढवायचं?" दोघेही खरे तेच सांगत असतात. फक्त ते एकमेकांना न सांगता हैदराबादेस सांगत असतात.

ज्या पानांवर तारणाविषयी आणि पश्चात्तापाविषयी लिहावयाचे, तेथे खुर्च्या-टेबलांची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्यांनी मंडळीत काही वर्षे घरभेटी केल्या आहेत त्यांस विचारून पाहा. पतिपत्नींचा अबोला मोठ्या सिद्धांतावरून क्वचित सुरू होतो. कपाट कोणत्या भिंतीला लावायचे, जुना पलंग टाकायचा की ठेवायचा, एवढ्यावरून तो सुरू होतो. आपल्या गावी असा अबोला फार दिवस टिकत नाही. आत्याबाई येतात, शेजारीण साखर मागावयास येते, पाळकसाहेब घरभेटीस येतात, आणि चार माणसांत बोलावेच लागते. परमुलखात दार लावले की आत दोघेच. तेथे अबोल्यालाही मोकळी जागा मिळते.

आमच्या परिचयाच्या एका दांपत्याची हकिकत नावगाव न सांगता येथे देतो. पती काचीगुड्यास वाढलेला. त्याच्या घरी जेवण जमिनीवर सतरंजी अंथरून होत असे, आणि ताटे उचलल्यावर त्याच सतरंजीवर वडील कौटुंबिक प्रार्थना घेत. पत्नी नगरकडची. तिची आई शाळेत शिक्षिका होती आणि लवकर विधवा झाली होती. त्या घरात मेणकापड घातलेले एक टेबल होते. त्यावरच जेवण, त्यावरच मुलींचा अभ्यास आणि त्यावरच रात्री वह्या तपासणे. आखातातील एका शहरात दोघांनी घर घेतले तेव्हा तिला टेबल हवे होते आणि त्याला मोठा गालिचा हवा होता. जागा एकाचीच होती. आठ-दहा दिवस वाद झाला आणि मग शहाण्या माणसांप्रमाणे त्यांनी तडजोड केली. एक बुटके टेबल घेतले. खाली बसणाऱ्याला ते उंच पडे आणि खुर्चीवर बसणाऱ्याला ते ठेंगणे पडे. दोन वर्षे त्यावर किल्ल्या, वर्तमानपत्रे आणि विजेची बिले पडून राहिली. पती दूरदर्शनसमोर ताट मांडीवर घेऊन जेवू लागला, पत्नी ओट्याशी उभ्याउभ्या. आणि ज्या घरातून दोघेही आले होते त्या दोन्ही घरांत रोज होत असलेली प्रार्थना या तिसऱ्या घरात कोणीही न ठरविता बंद पडली. तिला जागाच उरली नव्हती.

तडजोड हा शब्द आम्ही वाईट म्हणत नाही. कोर्टात आणि बाजारात तो फार उपयोगी आहे. तू थोडे सोड, मी थोडे सोडतो, आणि प्रकरण मिटवू. पण प्रकरण मिटणे आणि घर होणे यांत अंतर आहे. शलमोन राजापुढे दोन स्त्रिया एका बालकासाठी भांडत आल्या, तेव्हा अर्धे अर्धे वाटून घेण्यास कोण तयार झाली हे आठवून पाहावे (१ राजे ३). जिचे मूल नव्हते तिला अर्धी वाटणी चालत होती. जिचे होते तिने सगळेच सोडून दिले. संसारात वस्तूंच्या वाटणीवर फार काटेकोर हिशेब चालू झाला, की कशावर तरी प्रेम कमी झाले आहे असे समजावयास हरकत नाही.

आता शूनेमच्या घराकडे वळू. अलीशा त्या गावावरून जात-येत असे, आणि एक संपन्न स्त्री त्यास आग्रहाने जेवावयास ठेवून घेत असे. एके दिवशी ती आपल्या पतीस म्हणाली, की हा देवाचा पवित्र मनुष्य नेहमी येथून जातो, तर आपण माडीवर त्याच्यासाठी एक लहानशी खोली बांधू. आणि त्या खोलीत काय काय ठेवायचे तेही तिने सांगितले. पलंग, मेज, आसन आणि दिवा. फक्त चार वस्तू. पवित्र शास्त्रात सामान्य माणसाच्या घरातील सामानाची इतकी नेमकी यादी फारशा ठिकाणी नाही.

या यादीपेक्षा तिच्या बोलण्याची रीत आम्हांस अधिक मोलाची वाटते. ती श्रीमंत होती. पती वृद्ध होता. मनात आणते तर सुतार बोलावून खोली उठविणे तिला जड नव्हते. तरी तिने आधी पतीस सांगितले, आणि सांगताना "मी" न म्हणता "आपण" म्हटले. शिवाय वस्तू का हवी हे तिने वस्तूच्या आधी सांगितले. आधी अलीशा, मग खोली, मग पलंग. आपल्या घरांत हा क्रम नेमका उलटा असतो. आधी दुकानातील सोफा, मग त्याची किंमत, मग वाद, आणि तो कोणासाठी हवा होता हे शेवटी कोणालाच आठवत नाही. वरील दांपत्यासही टेबल का हवे आणि गालिचा का हवा हे एकमेकांस सांगण्याची बुद्धी दोन वर्षे झाली नाही. तिच्या आईला सबंध दिवसात बसलेली पाहावयाची ती त्या टेबलाशीच, हे त्याला ठाऊक नव्हते. वडिलांच्या शेवटच्या आजारात त्यांचे अंथरूण त्या सतरंजीवर होते आणि मुलाच्या हाताला धरून ते तेथेच प्रार्थना करीत, हे तिला ठाऊक नव्हते. लाकूड आणि लोकर यांचे भांडण आहे असे दोघांस वाटत होते.

ते पुढे कसे सुटले हे वाचकांस जाणून घ्यावेसे वाटेल. एका सुट्टीत ती दोघे हैदराबादेस आली असता पतीच्या आईने बोलता बोलता त्या सतरंजीची गोष्ट काढली, आणि सुनेने ती प्रथमच ऐकली. परत गेल्यावर टेबल घेण्याचा आग्रह पतीने धरला आणि सतरंजी नेण्याचा पत्नीने. टेबल आले. सतरंजी मात्र वजनाच्या हिशेबात बसेना म्हणून काचीगुड्यासच राहिली आहे. सारे काही जुळून आले असे नाही. पण दोघे आता एका वेळी जेवतात.

ज्यांनी परमुलखात घर थाटले अशा आणखी एका दांपत्याचे घर आपल्या शहरातच आहे, आणि सुलतानबाजारात खरेदीस जाणाऱ्या मराठी माणसांनी ते बाहेरून शेकडो वेळा पाहिले असेल. कोठीची जुनी रेसिडेन्सी. १९४९ पासून तेथे मुलींचे महाविद्यालय होते, आता महिला विद्यापीठ आहे. ही इमारत जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक या इंग्रज रेसिडेंटाने बांधविली. बांधकाम १८०३ च्या सुमारास सुरू झाले. आराखडा मद्रास इंजिनिअर्समधील लेफ्टनंट सॅम्युअल रसेल याचा. पुढे करिंथी धाटणीचे उंच खांब, रुंद पायऱ्या, दोन्ही अंगांस सिंह आणि आत दरबारासाठी भव्य दालन. जागेच्या मंजुरीविषयी एक गमतीची गोष्ट सांगतात. रेसिडेंटाने नकाशा भल्यामोठ्या कागदावर काढून निजामास दाखविला. एवढा मोठा कागद पाहून निजामाने साफ नकार दिला. दुसऱ्या खेपेस तोच नकाशा एका लहान पत्त्याएवढ्या तुकड्यावर काढून नेला, आणि मंजुरी लगेच मिळाली. घरांत खर्चाची मागणी कशी मांडावी याचे हे कौशल्य पुष्कळांना साधलेले असते. त्याची शिफारस आम्ही करीत नाही.

कर्कपॅट्रिकने हैदराबादच्या एका उमराव घराण्यातील खैरुन्निसा हिच्याशी १८०० च्या सुमारास विवाह केला होता. त्या विवाहाची खूप चर्चा झाली, त्यावर ग्रंथही निघाले. तो वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही. आम्हांस त्यांच्या घराविषयी बोलावयाचे आहे. तो साता समुद्रापलीकडून आलेला. त्याला पोर्तिकोचे आणि खांबांचे घर हवे होते, आणि त्याच्या पदालाही ते शोभणारे होते. ती पडद्यात वाढलेली. तिच्यासाठी त्याने त्याच आवारात निराळा जनाना बांधला, रंगमहाल. त्यात तिच्या ओळखीचे सगळे होते. चौक, कारंजे, रंगविलेल्या भिंती. म्हणजे त्याचे घर त्याच्या पद्धतीचे आणि तिचे तिच्या पद्धतीचे. जबरदस्ती कोणावर झाली नाही. अनेक पतींनी आपल्या पत्नींसाठी याच्या निम्मेही केले नसेल. तो स्वतः हैदराबादी पोशाख घालीत असे. तिच्या रीतीविषयी त्याच्या मनात अनादर नव्हता.

परंतु त्या आवारात आणखी एक वस्तू आहे. रेसिडेन्सीच्या मागील बागेत त्याच इमारतीची बाहुलीघरासारखी लहान प्रतिकृती आहे. तिच्याविषयी अशी कथा सांगतात की, पडद्यामुळे खैरुन्निसेला मोठ्या घराच्या पुढल्या अंगास जाऊन ते पाहता येत नव्हते, म्हणून पतीने तिच्यासाठी ही प्रतिकृती करविली. पतीने बांधलेले घर पत्नीने पाहिले ते असे, बागेत मांडलेल्या खेळण्यात.

ही कथा ऐकून आपण त्या काळाला आणि त्या पडद्याला नावे ठेवू. पण आज काय होते? मुलगा आधी परदेशी जातो. भाड्याचे घर घेतो, पलंग, सोफा, पडदे सगळे घेतो आणि पत्नीला फोनवर तळहाताएवढ्या चौकटीत दाखवितो. "आवडलं ना?" ती म्हणते, "छान आहे." दुसरे काय म्हणणार? सहा महिन्यांनी ती तेथे पोहोचते तेव्हा त्या घरात तिच्यासाठी ठरविण्यासारखे काहीच उरलेले नसते. ती पाहुणी म्हणून आत जाते. हा दोष केवळ पुरुषांचा आहे असे कोणी समजू नये. आपल्या परिचारिका भगिनी आधी जातात, पती मागाहून जातो, आणि तेथे जाऊन पाहतो तो घर पत्नीचे, पगार पत्नीचा आणि खुर्चीसुद्धा पत्नीने निवडलेली. तो कोपऱ्यात बसतो आणि हळूहळू कडू होत जातो. आधी गेलेल्या व्यक्तीने निदान एक खोली रिकामी ठेवावी. खोली नसेल तर एक भिंत रिकामी ठेवावी. दुसऱ्याने येऊन ती भरावी.

रंगमहाल आज नाही. १८६० मध्ये तो पाडण्यात आला. मोठी इमारत उभी आहे. अलीकडच्या वर्षांत तिचा जीर्णोद्धारही झाला आहे.

एकाच छताखाली दोन घरे नांदविण्याचा प्रसंग आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेतही आला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या ताटातुटीनंतर ती दोघे पुन्हा एकत्र राहू लागली तेव्हा लक्ष्मीबाईंचे सोवळे वेगळे, पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. तो वेगळेपणा पुढे गेला तो टिळकांच्या हुकमाने गेला नाही. लक्ष्मीबाई स्वतः विचार करीत करीत त्यातून बाहेर आल्या. "स्मृतिचित्रे" वाचणाऱ्यांस हे माहीत आहे. एका घरात दोन चुली असणे हे काही काळ प्रेमाचे लक्षण असू शकते, घाई न करण्याचे. मात्र मध्ये भिंत नसावी. एकीचा धूर दुसरीकडे जात असावा.

आता "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे" या वाक्याकडे येऊ. परदेशी गेलेल्या मराठी माणसाचा हा आवडता मंत्र आहे. यिर्मयाच्या काळी हेच वाक्य एका खोट्या संदेष्ट्याने उच्चारले होते. यहूदातील पुष्कळ लोकांस आणि मंदिरातील पात्रांसही बाबेलास नेले होते, तेव्हा हनन्याने लोकांसमक्ष सांगितले, की दोन वर्षांच्या आत ही सारी पात्रे आणि माणसे परत येतील (यिर्मया २८). लोकांना ते फार गोड लागले असेल. यिर्मयाने मात्र बाबेलातील लोकांस पत्र लिहिले त्यात निराळेच कळविले. घरे बांधा व त्यांत राहा, मळे लावा व त्यांचे फळ खा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात आहात त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, आणि परत येण्यास सत्तर वर्षे लागतील. मायभूमी विसरा असे त्याने मुळीच म्हटले नाही. परत जाण्याचे वचन त्याच पत्रात आहे. पण तोवर गाठोडी बांधून ओसरीवर बसून राहू नका, एवढेच त्याचे सांगणे होते.

आम्ही अशी घरे पाहिली आहेत, जेथे पंधरा वर्षे झाली तरी मोठी पेटी पलंगाखाली बांधलेलीच आहे. चांगली चादर, बिदरी फुलदाणी, आईने दिलेली गोधडी, सगळे "हैदराबादच्या घरासाठी" राखलेले. आणि हैदराबादेस बांधलेल्या त्या घरात नव्या सोफ्यावर प्लास्टिकचे आवरण तसेच आहे, कारण तेथे राहावयास कोणी नाही. मुले मात्र या दोन्ही घरांच्या मधल्या वर्षांत वाढून मोठी झाली. बचत करू नये असे आम्ही म्हणत नाही. आईवडिलांचे औषधपाणी, बहिणीचे लग्न, घरबांधणीचे कर्ज हे सर्व त्या पगारातून जावयाचे असते, आणि ज्या पतीला प्रत्येक दिनाराचे रुपये करून पाहण्याची सवय लागली आहे तो कंजूष असतोच असे नाही. बऱ्याच वेळा तो घाबरलेला असतो. पत्नीने हे ओळखावे. पण पतीनेही ओळखावे, की जिला घरात एक दिवा लावावासा वाटतो ती उधळी नाही. तिला तेथे राहावयाचे आहे. येथे खर्चाचा वाद नसतो. आपण येथे राहतो आहोत की वाट पाहतो आहोत, याचा वाद असतो, आणि तो प्रार्थनेत एकत्र बसून उघडपणे बोलावा लागतो.

याच बाबतीत शूनेमच्या स्त्रीची पुढील कथा फार कमी वेळा सांगितली जाते. अलीशाने तिला विचारले होते, की तुझ्यासाठी राजाकडे काही रदबदली करू काय? तेव्हा ती म्हणाली होती, की मी आपल्या लोकांतच राहते. म्हणजे मला कशाची वाण नाही. असे म्हणणाऱ्या स्त्रीलाच पुढे आपले लोक सोडून जावे लागले. दुष्काळ येणार म्हणून अलीशाच्या सांगण्यावरून ती घरच्या माणसांसह पलिष्ट्यांच्या देशात गेली आणि सात वर्षे तेथे राहिली (२ राजे ८). तिच्या पतीचा उल्लेख तेथे नाही. पूर्वीच तो वृद्ध होता. ती परत आली तेव्हा घर आणि शेत दुसऱ्यांच्या हाती गेले होते, आणि ते मिळविण्यासाठी तिला राजापुढे उभे राहावे लागले. ज्या स्त्रीला राजाची शिफारस नको होती तिला ती लागली. राजाने तिचे सर्वस्व आणि सात वर्षांचे शेताचे उत्पन्नही तिला परत देवविले.

पलिष्ट्यांच्या देशात तिने घर कसे मांडले होते ते शास्त्र सांगत नाही. पण तिच्या पहिल्या घरातील पलंगाचे काय झाले ते सांगते. जो पलंग तिने देवाच्या मनुष्यासाठी ठेवला होता त्यावरच तिने आपले मृत बालक नेऊन निजविले, आणि तेथूनच ते जिवंत उठले. ती खोली मांडताना पतिपत्नींना हे ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांनी एका पाहुण्यासाठी जागा केली होती.

नवीन घर मांडणाऱ्या दांपत्यास आमची म्हणूनच सूचना अशी, की यादी करताना "मला काय हवे" आणि "तुला काय हवे" यांबरोबर तिसरा एक रकाना ठेवावा, कोण येणार. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांना क्लौद्याच्या हुकमाने रोम सोडावे लागले. ती करिंथास आली, तेथून इफिसास गेली, पुन्हा रोमेत दिसतात. तंबू करण्याचा व्यवसाय, म्हणजे घरात कापडाचे आणि कातड्याचे ढीग. तरी करिंथात पौल त्यांच्या घरी राहिला, आणि पुढे इफिसात व रोमेत मंडळी त्यांच्या घरी जमे (प्रे. कृ. १८, १ करिंथ १६:१९, रोम १६:३-५). करिंथी खांब त्यांच्या घराला असतील असे वाटत नाही. कोणाचे नाव आधी घ्यायचे हा प्रश्नही त्यांच्या बाबतीत सुटलेला दिसतो. शास्त्रात बहुतेक ठिकाणी प्रिस्किल्लेचे नाव आधी येते, काही ठिकाणी अक्विल्लाचे. मंडळीच्या उपयोगाचे घर मांडावयाचे ठरले, की टेबल की गालिचा हा वाद बराच निवळतो. पाच माणसे आली तर टेबल, पंधरा आली तर गालिचा.

एका गोष्टीविषयी मात्र स्पष्ट लिहिणे भाग आहे. घरोघर असे आढळते की मन मोठे करणारी व्यक्ती दर वेळी एकच असते. पहिल्यांदा तिने पडद्याचा रंग सोडला, मग पलंगाची जागा, मग आईचे शिवणयंत्र विकले, मग कोणत्या देशात राहायचे तेही सोडले. आणि आपण उपदेशक व्यासपीठावरून तिच्या नम्रतेची स्तुती करतो. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील बाविसावे वचन आपल्या लग्नविधीत सर्वांस पाठ असते. एकविसावे, ज्यात एकमेकांच्या अधीन होण्याविषयी लिहिले आहे, ते तितके वाचले जात नाही. पण क्रमाने ते आधी येते. ज्या घरात गेल्या पाच निर्णयांत एकाच व्यक्तीने माघार घेतली आहे तेथे सहाव्या वेळी दुसऱ्याने, न मागता, सोडावे. आणि ज्याला मिळाले त्याने ते जिंकल्यासारखे न घेता दान मिळाल्यासारखे घ्यावे.

लपवाछपवीविषयीही दोन शब्द. याकोब सहकुटुंब लाबानाकडून निघाला तेव्हा राहेलीने बापाच्या गृहदेवता चोरून उंटाच्या खोगिरात लपविल्या होत्या (उत्पत्ति ३१). याकोबाला काहीच ठाऊक नव्हते, आणि ज्याच्याजवळ त्या सापडतील तो जिवंत राहावयाचा नाही असे तो बोलून बसला. पत्नीस न सांगता घेतलेला महागडा दूरदर्शन संच, किंवा पतीस न सांगता माहेराहून आणविलेले कपाट, यांची तुलना गृहदेवतांशी करणे वाचकांस जड वाटेल. करू नये तर करू नये. पण खोगिरावर अवघडून बसण्याचा त्रास ज्यांनी भोगला आहे त्यांस आमचे म्हणणे कळेल.

रविवारच्या शाळेतील शिक्षकांसाठी थोडे लिहून थांबतो. कर्कपॅट्रिक १८०५ साली कलकत्त्यास मरण पावला. त्याच वर्षी त्याची दोन लहान मुले इंग्लंडास पाठविण्यात आली होती, आणि आईची व त्यांची पुन्हा भेट झाली नाही. खैरुन्निसा १८१३ साली वारली. मुलगी किटी मोठी झाली, तिचा संसार झाला, आणि खूप वर्षांनी हैदराबादेतील आजीशी तिचा पत्रव्यवहार सुरू झाला. त्या पत्रांत तिने आपल्याला घरातील काय आठवते ते लिहिले आहे. दरबाराचे दालन किंवा खांब तिने आठविले नाहीत. ओसरीवर शिंपी काम करीत बसत ते तिला आठवत होते, आणि गच्चीवरची एक जागा, जेथे आई तिला बसवून घसरू देत असे.

शूनेमचा पाठ घेताना मुलांस कागद द्यावा आणि ती माडीवरची खोली काढावयास सांगावी. पलंग, मेज, आसन, दिवा. मोठ्या मुलांस कागदाच्या मागील बाजूस एक प्रश्न लिहून द्यावा : तू मोठा होऊन दूर गेलास, तर तुझ्या आजच्या घरातील कोणती जागा तुला आठवेल? घाई करू नये, मुलांस विचार करू द्यावा. ज्या मुलांचे आईवडील परदेशी आहेत आणि जी आजी-आजोबांकडे राहतात, त्यांस दोन घरे काढावयाची असतील तर दोन कागद द्यावेत. उत्तरे वर्गात मोठ्याने वाचू नयेत. ती पाकिटात घालून घरी पाठवावीत, आणि ज्यांचे पालक दूर आहेत त्यांच्या उत्तरांचे छायाचित्र काढून ते त्याच आठवड्यात त्यांच्याकडे धाडावे.